नांदेड पंचाहत्तर, लातूर पासष्ट

आमचं यंत्र जिंकलं. नांदेड पंचाहत्तर, लातूर पासष्ट. सरकारी शिक्क्याचा कागद आहे, तो पेटीत आहे, आणि पेटीला कुलूप आहे.

आता हे झालंच नाही असं धरून चला. आमच्या घरात तसंच धरून चालतात. आईला सांगितलंय की निकाल लागायचाय. आई म्हणते, सरकारी काम आहे, लागेल सावकाश. तेव्हा निकाल लागलेला नाही, कोणी जिंकलेलं नाही, आणि मी पहिल्यापासून सांगतो.

माझी आई गोदावरीबाई. नांदेडला वजिराबादेत आम्ही दोघंच राहतो. तीन वर्षांपूर्वी न्हाणीत तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ते पुढं जुळलं, पण स्वतःच्या मर्जीनं जुळलं. तेव्हापासून आई पलंगावर. माझी थोरली बहीण सौदामिनी, म्हणजे आमची अक्का, लातूरला दिलेली. तिचे सासरे अर्धांगानं पलंगावर. त्यांना भरवायला अक्काशिवाय कोणी नाही आणि आईला उचलायला माझ्याशिवाय कोणी नाही. एक पलंग नांदेडात, एक लातुरात. मध्ये परळीपर्यंत रेल्वे, पुढं मोटार मिळाली तर लातूर, न मिळाली तर परळीच.

आईला वाचता येत नाही. अक्काचं पत्र आलं की मी वाचून दाखवायचो. आई शेवटपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, "हे तुझ्या आवाजात हाय. मला तिच्या आवाजात पायजे."

ही मागणी कुठल्याही टपालखात्याकडून पुरी होण्यासारखी नव्हती. ती पुरी केली दाजींनी.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान, अनंतराव. लातूरच्या शाळेत गणित शिकवतात. लढाई संपल्यावर सिकंदराबादेत लष्कराचं बिनतारी सामान लिलावात निघालं, तेव्हा दाजी सुट्टी टाकून गेले आणि बोलायची-ऐकायची दोन यंत्रं घेऊन आले. एक मला दिलं, एक स्वतःला ठेवलं. हौशी लोकांना परवाने मिळायचे दिवस अजून होते. मला अकरा नंबरचा मिळाला, त्यांना बारा.

मी अदालतीत नकलनवीस आहे. दुसऱ्यानं लिहिलेलं पुन्हा लिहिणं हा माझा पेशा. त्यामुळे यंत्राबद्दल मला काही ठाऊक नव्हतं आणि ते मी फार लवकर मान्य केलं.

आमच्या नांदेडच्या यंत्राला तेवीस बटणं. ते रणगाड्यात बसवायचं यंत्र होतं. कॅनडात तयार झालेलं, रशियाला पाठवायचं ठरलेलं, आणि पोचलं वजिराबादेत. त्यामुळे प्रत्येक बटणाखाली एकदा इंग्रजीत आणि एकदा रशियनमध्ये लिहिलेलं. ते चालू करायचं म्हणजे आधी दिवे तापेपर्यंत थांबायचं, मग ऐकायची चकती जुळवायची, मग बोलायची चकती ऐकायच्या चकतीशी जुळवायची, मग एरियल जुळवायची, तोवर पहिली चकती उन्हानं सरकलेली असायची. पण एकदा सगळं जमलं की ते यंत्र कुठंही पोचायचं. मी त्यावर कोलंबो ऐकलं, कराची ऐकलं. जावाच्या एका गृहस्थाशी तर बोललोसुद्धा. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं हवा कशी आहे. मी म्हटलं, गरम. ते म्हणाले, आमच्याकडंही. एवढं बोलायला मला पाऊण तास लागला होता.

दाजींच्या लातूरच्या यंत्राला दोन बटणं. त्यातलं एक बिघडलेलं. आत स्फटिकाचा एक तुकडा, तो जिथं बोलायचं ठरवेल तिथंच बोलायचं, इकडेतिकडे सरकायची सोय नाही. दाबा आणि बोला, सोडा आणि ऐका. पोच मात्र नांदेडपर्यंतच, पुढं नाही. त्यातच शेजारच्या जिनिंग गिरणीची मोटर सुरू झाली की सगळ्या आवाजात कापूस भरायचा. आणि सव्वासहा वाजले की नेमक्या त्याच जागी कुठल्याशा देशातली एक बाई गायला लागायची. देश शेवटपर्यंत कळला नाही. माझ्या यंत्रावर मी तिला बाजूला सारू शकत होतो, दाजींना ती पूर्ण ऐकावी लागायची.

दर गुरुवारी साडेपाचला आमचं बोलणं. सुरुवातीला दाजींनी नियम शिकवला की आपलं वाक्य संपलं की "बोल आता" म्हणायचं, म्हणजे दुसऱ्याला कळतं. अक्काचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"आई, जेवलीस का? बोल आता."

"साडेपाचला कोण जेवतं गं? बोल आता."

हे दर गुरुवारी. अक्का दर गुरुवारी विचारायची आणि आई दर गुरुवारी चिडायची. पुढचा अर्धा तास दोघी कशाबद्दल बोलायच्या ते मी सांगत नाही, कारण कशाबद्दलच नाही. पण आई बुधवारीच वेणी घालून घ्यायची. मी म्हटलं, "आई, दिसत नसतं त्यात." ती म्हणाली, "तुला काय ठाऊक."

दोघींचं संपलं की मी आणि दाजी भांडायचो.

"तुमचं यंत्र म्हणजे बैलगाडी हो दाजी. बोल आता."

"बैलगाडीत माणूस चढतो आणि जातो. तुझ्या यंत्रात चढेपर्यंतच म्हातारा होतो माणूस. बोल आता."

"माझं जावापर्यंत जातं."

"जावात तुझं कोण हाय रे? आणि 'बोल आता' म्हण."

"बोल आता!"

"यंत्र दोनच गोष्टींवर जोखायचं असतं रेणुकादास, एक कामगिरी आणि एक सुलभता. कामगिरी तुझी मानतो. पण तुझ्या आईला जे चालवता येत नाही ते यंत्र नव्हे, ते लग्न."

दाजी मुलांना गणित असंच शिकवत असावेत.

हे भांडण आम्ही दीड वर्ष केलं. हवेत केलं. हवेत केलेलं भांडण हैदराबादपर्यंत जातं, हे गणिताच्या मास्तराला सुचू नये आणि नकलनवीसाला तर नाहीच सुचणार. सन १३५७ फसली, म्हणजे इंग्रजी सत्तेचाळीस सरता सरता, उजाडलं, दिवस संशयाचे आले, कोण कोणाशी काय बोलतो याची सरकारला फार काळजी पडली. आणि एक दिवस दोघांच्या घरी एकच हुकूम आला.

नांदेड आणि (लातूर धरून) उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून खाजगी लासिलकी, म्हणजे बिनतारी, यंत्र एकच राहील. जे उत्तम असेल ते. बाकीचं सरकारजमा. उत्तम कोणतं ते मुकाबला घेऊन ठरवण्यात येईल. कामगिरी, पन्नास गुण. सुलभता, चाळीस गुण. शिस्त, दहा गुण.

कामगिरी आणि सुलभता हे दोन शब्द पाहून मी कागद उलटा ठेवला. दाजींचं वाक्य जसंच्या तसं. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या बोलण्यातलं कोणीतरी नकलून घेतलं होतं.

लासिलकी जांच शाखेचे प्रमुख, मुहतमिम साहेब, हैदराबादेहून आले. सोबत त्यांचा चपराशी संगप्पा, देगलूरचा. साहेब नांदेडात बसणार आणि मलप्पा नावाचा एक कारकून लातुरात दाजींकडे बसणार. साहेब सभ्य होते, थकलेले होते, आणि पायातला बूट काढायचा की नाही या विचारात उंबऱ्यावर बराच वेळ उभे राहिले.

मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "साहेब, एकच यंत्र ठेवायचं, तर त्यानं बोलायचं कोणाशी?"

साहेबांनी फॉर्म वाचला. मागून पुढून वाचला.

"ये सवाल इसमें नहीं है," ते म्हणाले.

पहिल्या गुरुवारी कामगिरी तपासली. साहेबांनी स्वतः कान लावून कोलंबो ऐकलं, कराची ऐकलं, आणि थोडा वेळ नुसतेच ऐकत बसले. लातूरच्या यंत्रावर मलप्पाला नांदेड ऐकू आलं आणि ती बाई ऐकू आली. संध्याकाळी संगप्पा अंगणात चहा बशीत ओतून प्याला आणि मला म्हणाला, "मास्तर, तुमचे पंचेचाळीस. लातूरचे पंचवीस. पेन्सिलीनं लिहिलंय सायबांनी, पण पक्कं हाय."

"मी मास्तर नाही, संगप्पा."

"हाव का? मग जिंकून काय करणार तुम्ही?"

हा प्रश्न त्यानं बशीकडे बघून विचारला, पण बरोबर होता. आम्ही जिंकलो तर लातूरचं यंत्र जाणार. लातूर जिंकलं तर आमचं जाणार. कसंही झालं तरी आई आणि अक्का यांच्यात एकच यंत्र राहणार, आणि एका यंत्रावर दोघींचं बोलणं होत नाही.

"संगप्पा, समजा दोघांचे गुण सारखे पडले?"

संगप्पानं फॉर्म उघडला. बोट फिरवत खालपर्यंत गेला. "अय्यो," तो म्हणाला, "बराबरीचा रकानाच न्हाई."

"मग काय होईल?"

"कागद हैदराबादेला जाईल. हुकमासाठी. हुकूम येईपर्यंत दोन्ही यंत्रं जिथल्या तिथं."

"आणि हुकूम कधी येतो?"

संगप्पानं बशी पुसली. "सोळा वर्षं झाली नोकरीला. गेलेला कागद वापस आलेला म्या बघितला न्हाई."

त्या क्षणी मला निजामाच्या राज्यकारभाराबद्दल जेवढा आदर वाटला तेवढा पूर्वी कधी वाटला नव्हता.

मी दाजींना पत्र लिहिलं, हवेतून बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. आठ पानं, सगळं गणित. सार असं होतं. सुलभतेची परीक्षा म्हणजे घरातलं यंत्राचं ज्ञान नसलेलं माणूस यंत्रासमोर बसवणार. एका मिनिटात यंत्र बोलायला तयार झालं तर चाळीस गुण, पुढच्या प्रत्येक मिनिटाला एक गुण कमी. दाजींकडे अक्का बसेल, दाबेल आणि बोलेल, चाळीस घेईल. पंचवीस आणि चाळीस, पासष्ट. आमच्याकडे आई बसेल. तिला मी तोंडानं सांगू शकतो, हात लावू शकत नाही. मी असं सांगायचं की यंत्र बरोबर एकविसाव्या मिनिटाला तयार होईल. वीस गुण. पंचेचाळीस आणि वीस, पासष्ट.

राहिली शिस्त, दहा गुण. बोलण्याआधी परवानाधारकाचं पूर्ण नाव, गाव आणि परवाना नंबर सांगायचा. बाकी एक शब्दही जास्त नाही. चुकलं तर शून्य.

इथं दाजींनी लिहिलं होतं, "शिस्तीची काळजी करू नये. दोन्हीकडे शून्यच पडेल. तुझी बहीण माझं नाव सरळ घेणार नाही. घेतलंच तर उखाण्यात घेईल, आणि उखाणा म्हणजे जास्तीचे शब्द. तुझ्या आईविषयी तुला ठाऊकच आहे."

मला ठाऊक होतं. परवाना माझ्या नावावर. माझं नाव रेणुकादास, माझ्या आजोबांचं. म्हणजे आईच्या सासऱ्यांचं. ते नाव आईनं कधी उच्चारलेलं नाही, जन्मल्यापासून मला अप्पा म्हणते. एकदा मी सात वर्षांचा असताना गोदेच्या पुरात घाटावरून पाय सुटला, तेव्हासुद्धा आईनं "अप्पा" अशीच हाक मारली. तिथं दुसरे तीन अप्पा होते, ते आधी धावले. आणि पूर्ण नाव म्हणजे रेणुकादास वसंतराव. वसंतराव माझे वडील. त्यांचं नाव तर ते असतानाही तिनं घेतलं नाही आणि गेल्यावरही नाही.

म्हणून आईला आम्ही बेताविषयी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती ते अक्काला हवेतून सांगती, आणि दर वाक्याला "बोल आता" म्हणती. शिवाय सांगायची गरजच नव्हती. आई नाव घेणार नाही, हे आम्ही पंचेचाळीस आणि पंचविसाइतकं पक्कं धरलं होतं.

तिला एवढंच सांगितलं की साहेब परीक्षा घ्यायला आलेत, नीट करायचं.

"नीट नाही केलं तर?" तिनं विचारलं.

"तर एक यंत्र जाईल, आई."

हे खरं होतं. हे सांगायला नको होतं.

फरवर्दीतला, म्हणजे फेब्रुवारीतला, दुसरा गुरुवार. आईचा पलंग आम्ही यंत्रापाशी ओढला. तिनं वेणी घातलेली, धुवट लुगडं नेसलेली. साहेब खुर्चीत, घड्याळ हातात. संगप्पा फॉर्म घेऊन उभा. मी ऐकायची चकती आधीच लातूरवर जुळवून ठेवली होती, तेवढी परवानगी होती.

पाच वाजता लातूरची पाळी. साहेब म्हणाले "शुरू", आणि चाळीस सेकंदात अक्काचा आवाज खोलीत आला. तिनं घसा साफ केला आणि म्हणाली,

"तार नाही, खांब नाही, तरी आवाज जातो पार,
अनंतरावांचं नाव घेते, आज आहे गुरुवार. बोल आता."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. संगप्पानं सुलभतेत चाळीस लिहिले, शिस्तीत शून्य काढलं, आणि शून्यात एक टिंब दिलं, ते का ते कळलं नाही. मग साहेबांच्या सांगण्यावरून त्यानं उखाणा वेगळ्या कागदावर उतरवून घेतला, शब्द न् शब्द.

साडेपाचला आमची पाळी.

"आई," मी म्हणालो, "समोर... एक... बटण... दिसतंय?"

"तेवीस दिसून राहिलेत."

"त्यातलं... डावीकडचं..."

"अप्पा, तोंडात काय धरलंयस? नीट बोल की."

मी नीट बोललो, पण हळू. एकेका बटणाला मी मिनिट दिलं. दोन बटणांचे रशियन उच्चारही सांगितले, जे मला येत नव्हते. साहेबांना एकदा जांभई आली. आई घामाघूम झाली होती, पण बटणं फिरवत होती. पंधराव्या मिनिटाला ती माझ्या पुढं निघून गेली. दीड वर्ष पलंगावरून ती माझे हात बघत आली होती, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी मुद्दाम एक बटण चुकीचं सांगितलं. तिनं ते केलं नाही.

"ते न्हाई, खालचं," ती म्हणाली. "तू रोज खालचं फिरवतोस."

मग मला ठसका लागला. तो मी चार मिनिटं चालवला. साहेबांनी स्वतः उठून मला पाणी दिलं. वीस मिनिटं पूर्ण झाल्याचं घड्याळात दिसलं आणि मी म्हणालो, "आता दाब आणि बोल."

संगप्पानं लिहिलं, वीस. पासष्ट आणि पासष्ट. माझ्या डोळ्यासमोर तो कागद हैदराबादेच्या गाडीत बसला, एका कपाटात गेला आणि कपाट बंद झालं. मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला टेकलो.

आईनं दाबलं.

"नाम बोलिए अम्मा," साहेब म्हणाले. "परवाना जिसका है, उसका पूरा नाम."

आई गप्प. बरोबरच होतं. मी संगप्पाच्या पेन्सिलीकडे बघत होतो, ती शून्य काढायला टेकली होती.

आईनं दाबलेलं सोडलं. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. दोन्ही हात जोडले. कोणाला जोडले ते दिसलं नाही, समोर फक्त यंत्र होतं. मग पुन्हा दाबलं, आणि शाळेत धडा म्हणतात तशा मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली,

"रेणुकादास वसंतराव रेणापूरकर. नांदेड. परवाना नंबर अकरा."

एक शब्द जास्त नाही. एक कमी नाही. मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझं नाव तिच्या तोंडून कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. त्याच वेळी हेही कळलं की ते दहा गुणांचं आहे.

"शाबाश," साहेब म्हणाले.

"साहेब," मी म्हणालो, "हे धरू नका."

"क्यों?"

"आई माझं नाव घेत नाही."

"अभी तो लिया."

"पण ती घेत नाही, साहेब. कधीच नाही. हे चुकून झालं."

"आपका नाम ये नहीं है?"

मी क्षणभर विचार केला. संगप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "न्हाई म्हणू नगा. न्हाई म्हणलं तर परवाना खोटा, तीन वर्षं आत."

"हेच आहे," मी म्हणालो.

संगप्पानं दहा लिहिले. हळू लिहिले, एक आधी, मग बराच वेळानं शून्य.

यंत्रात नुसती खरखर होती. मग अक्का बोलली, पण नियम सोडून, मध्येच.

"आई? आई, हे तू म्हणालीस? बाबांचं..." मग म्हणाली, "आई, जेवलीस का? बोल आता."

"साडेपाच वाजून गेले की गं," आई म्हणाली. "आता कोण जेवतं?" आणि माझ्याकडे बघून यंत्रावर हात ठेवला. "नीट झालं का रे अप्पा?"

"झालं, आई."

"मग यंत्र जाणार न्हाई ना?"

"आपलं नाही जाणार," मी म्हणालो.

तिनं पुढं विचारलं नाही. तिला वाटलं, एवढंच विचारायचं असतं.

दुसऱ्या सोमवारी मलप्पानं लातूरचं यंत्र पोत्यात गुंडाळलं आणि पावती देऊन नेलं. बोलायचं आणि ऐकायचं दोन्ही एकाच खोक्यात होतं, हीच त्याची सुलभता. त्यामुळे दाजींचं बोलणंही गेलं आणि ऐकणंही. त्यांचं पत्र आलं, या वेळी एकच पान. "गणित बरोबर होतं," एवढंच त्यावर होतं.

उखाण्याचा कागद हैदराबादेला गेला होता. तो मात्र वापस आला, संगप्पाच्या सोळा वर्षांत पहिलाच. त्यावर शेरा होता की मजकूर सांकेतिक असून 'पार' म्हणजे सरहद्दीपार आणि 'गुरुवार' हा ठरलेला दिवस समजावा. बाईस ताकीद देण्यात यावी. लातूरचं यंत्र कोणत्याही परिस्थितीत परत करू नये. दाजींना शाळेतून बोलावून उखाण्याचा अर्थ विचारला. त्यांनी सांगितलं, लग्नात घेतात तसा. तर विचारलं, मग लग्न कोणाचं होतं.

आईला मी सांगितलं की निकाल लागेपर्यंत लातूरच्या यंत्राला बोलायची मनाई आहे. ती म्हणाली, आपल्याला आहे का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग मी बोलते, तिला ऐकू तर येईल.

मी काही बोललो नाही. नकलनवीस असल्याचा हा एक फायदा. आपलं असं काही बोलायची सवय नसते.

तेव्हापासून दर गुरुवारी साडेपाचला आई यंत्र स्वतः चालू करते. आता तिला चार मिनिटं लागतात. साहेबांना हे कळवलं तर आमचे गुण आणखी वाढतील, म्हणून कळवलं नाही. ती पदर घेते, हात जोडते, पूर्ण नाव, गाव, नंबर सांगते. आता तिला नाव घेताना काही वाटत नाही. पुढं लातूरला सांगायचं ते सांगते, "बोल आता" म्हणते आणि सोडते. खरखर ऐकते. साधारण तेवढाच वेळ थांबते जेवढा अक्काला उत्तर द्यायला लागायचा, मग पुढचं सांगते. सव्वासहाला ती बाई गायला लागते. मी तिला बाजूला सारत नाही. आई म्हणते, हिच्याशीपण कोणी बोलत नसेल बघ.

घरात मला मात्र अजून अप्पाच म्हणते. ते नाव फक्त यंत्रापुरतं.

मग भादव्यात निजामाचं सरकार गेलं. पाच दिवसांत गेलं. आमची बॅटरी गिरणीवर एकदा चार्ज केली की त्याहून जास्त दिवस टिकते. मला वाटलं, आता लातूरचं यंत्र परत मिळेल. मी नव्या साहेबांकडे गेलो. सालस, तरुण, खादीचा सदरा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा डोळे पुसले.

"तुमच्यावर अन्याय झालाय," ते म्हणाले. "पण हे यंत्र आम्ही घेतलेलं नाही. ज्यांनी जमा केलं त्यांच्या दफ्तरी नोंद असणार. त्यांच्या सहीशिवाय मला देता येत नाही."

"ते सरकार गेलं, साहेब."

"हो, पण अर्ज त्यांच्याच नावे लागेल."

"आणि दाजींनी नवीन यंत्र घेतलं तर?"

"नवीन परवाने सध्या बंद आहेत. आणि त्यांच्या घराविरुद्ध तर सांकेतिक मजकुराची फाइल आहे. ती गुप्त आहे. ती उघडायलाही मागच्याच सरकारची सही पाहिजे."

अक्काचे सासरे अजून पलंगावर आहेत. आई पलंगावर आहे. परळीच्या पुढची मोटार कधी असते, कधी नसते. मी घरी आलो, बोरू काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाची नक्कल न करता एक अर्ज लिहिला. तो असा.

प्रति,
मागील सरकार,
लासिलकी जांच शाखा, हैदराबाद दक्खन.

अर्जदार रेणुकादास वसंतराव रेणापूरकर, राहणार वजिराबाद, नांदेड, परवाना नंबर अकरा, यांचा अदबीनं अर्ज की, सरकारने घेतलेल्या मुकाबल्यात अर्जदाराचे यंत्र दहा गुणांनी उत्तम ठरले असून ते चालू स्थितीत आहे. सदर यंत्रास बोलण्यासाठी समोर कोणी नाही. लातूरचे यंत्र परत करणे सरकारच्या सोयीचे नसल्यास अर्जदाराची त्याबद्दल तक्रार नाही. सबब विनंती की, दर गुरुवारी सायंकाळी साडेपाच वाजता लातूरच्या बाजूने "आई, जेवलीस का? बोल आता" एवढा मजकूर, त्यात एक शब्दही जास्त न घालता, सरकारमार्फत हवेत सोडण्याची तजवीज व्हावी. आवाज सौदामिनी अनंतराव यांचाच असावा, दुसरा चालणार नाही, आईस ओळखता येतो. उत्तर देण्याची व्यवस्था अर्जदाराकडे आहे. तसेच मुकाबल्याचा निकाल अद्याप लागलेला नाही, अशी नोंद सरकारदप्तरी कायम ठेवण्यात यावी, ही विनंती.